फोटो वाचणार कोण?

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत एक्स-रेला सहसा कुणी एक्स-रे म्हणत नाही. छातीचा फोटो, हाताचा फोटो, मणक्याचा फोटो. सोनोग्राफीलाही पुष्कळ बाया 'पोटाचा फोटो'च म्हणतात. शब्द छान आहे, रुजलेला आहे, पण त्यात एक घोटाळा दडलेला आहे. लग्नाचा फोटो हातात आला की काम संपतं. कोण उभं आहे, कोण बसलंय, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. छातीचा फोटो हातात येतो तेव्हा काम सुरू होतं. वीतभर जाडीची छाती एका पातळ फिल्मवर चेपलेली असते आणि बरगड्या, हृदय, रक्तवाहिन्या, खांद्याचं हाड यांच्या सावल्या एकमेकींवर पडलेल्या असतात. त्यातली कुठली सावली रोगाची आणि कुठली मुळातली, हे कुणीतरी बसून वाचावं लागतं. आणि वाचल्यावर कुणाला तरी त्याप्रमाणे हालचाल करावी लागते. या भागातून येणारे फोटो वाचण्याच्या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. आपण ग्रामीण भागासाठी यंत्रं मागतो, ती येतातही, आणि मग आपण यंत्रं मोजत बसतो. मोजायचा तो वेळ: फोटो काढल्यापासून त्यावर निर्णय होईपर्यंतचा. पेशंट अजून दवाखान्याच्या बाकावर बसलेला असताना निर्णय झाला तर ते निदान. तो पाड्यावर परत गेल्यावर झाला, तर बहुतेक वेळा त्याचा नुसता कागद होतो.

हे माप इथे एवढं महत्त्वाचं का, याचं उत्तर भूगोलात आहे. २०११च्या जनगणनेनुसार शहापूर तालुक्यात सुमारे ३ लाख १४ हजार आणि मुरबाडमध्ये सुमारे १ लाख ९० हजार माणसं राहतात. दोन्ही मिळून पाच लाखांवर. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा वेगळा झाला, जव्हार-मोखाडा तिकडे गेले, आणि तेव्हापासून 'ठाणे जिल्हा' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे घोडबंदर रोड आणि डोंबिवलीच येते. तानसा-भातसाचं पाणी मुंबईला पोचतं, पण त्या धरणांच्या वरच्या अंगाचा पाडा शहराच्या नकाशात नसतो. कसाऱ्याची लोकल आहे, पण डोळखांब किंवा किन्हवलीच्या आतल्या गावातून आधी स्टेशन गाठावं लागतं. मुरबाडला रेल्वेच नाही; टोकावड्याच्या पलीकडचा माणूस जीप, एसटी करत मुरबाडला येतो आणि तिथून कल्याण आणखी तीसेक किलोमीटर. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या मोफत झाल्या. निर्णय चांगलाच होता. पण काउंटरवर पैसे लागत नाहीत म्हणून फोटो फुकट होत नाही. आजाऱ्याची एक दिवसाची मजुरी, सोबत आलेल्याची एक दिवसाची, दोघांचं भाडं, आणि लावणीचे दिवस असतील तर उरलेलं शेत. 'रिपोर्ट परवा मिळेल' हे शहरात एक साधं वाक्य आहे. इथे त्याचा अर्थ हा सगळा खर्च दुसऱ्यांदा करा, असा होतो. आणि दुसऱ्यांदा माणूस येत नाही. हा त्याचा अडाणीपणा म्हणून सोडून देणं सोपं आहे. मला तर तो चोख हिशेब वाटतो.

आता प्रश्न असा, की तालुक्याच्या पातळीवर नेमकी कुठली रेडिओलॉजी पुरते? जागतिक आरोग्य संघटनेने मांडलेला अंदाज असा आहे, की निदानाचे ७० ते ८० टक्के प्रश्न साधा एक्स-रे आणि सोनोग्राफी एवढ्यावर सुटतात. आकडा थोडा इकडेतिकडे धरला तरी या दोन तालुक्यांच्या आजारांची यादी डोळ्यांपुढे आणली की तो पटतो. क्षयरोग, लहान मुलांचा न्यूमोनिया, छातीत साठलेलं पाणी, झाडावरून किंवा मोटरसायकलवरून पडून मोडलेली हाडं, मुतखडा, पित्ताशयातले खडे, यकृतातला गळू, आणि सगळ्यांत मोठी रांग गरोदर बायांची. यांतल्या एकालाही पहिल्या दिवशी एमआरआय लागत नाही. लागतं ते बरं चाललेलं साधं यंत्र, ते नीट वापरणारा टेक्निशियन आणि त्याच दिवशी वाचणारे डोळे.

क्षयाचंच घ्या. देशात २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षण झालं. पंधरा वर्षांवरच्या लोकांना लक्षणं विचारली आणि सोबत छातीचा फोटोही काढला. त्यात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण फोटो काढला नसता तर निसटले असते. म्हणजे खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटलं का, या प्रश्नांना 'नाही' म्हणणाऱ्या माणसांच्याही फुफ्फुसात रोग होता. याच सर्वेक्षणाने हेही दाखवलं, की लक्षणं असलेल्यांपैकी जवळपास ६४ टक्के लोक कुठल्याही डॉक्टरकडे गेलेले नव्हते. ज्या समाजात खोकला हा राबाच्या धुराचा, चुलीचा किंवा विडीचा म्हणून अंगवळणी पडलेला असतो, तिथे लक्षणं विचारून क्षय शोधणं म्हणजे अर्ध्या मापाने भात मोजणं. डिसेंबर २०२४मध्ये सुरू झालेल्या १०० दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत हातात धरून नेता येणारी एक्स-रे यंत्रं गावोगाव फिरवण्यावर भर होता. जेमतेम तीन-चार किलोचं यंत्र पाड्यावर जातं, ही लहान गोष्ट नव्हे. माणूस फोटोकडे येण्याऐवजी फोटो माणसाकडे गेला.

पण इथेच एक गोष्ट जवळून दाखवायला हवी. क्षय बहुधा फुफ्फुसाच्या शेंड्याला, गळपट्टीच्या हाडामागे, धरतो. नेमकी तीच जागा फोटोत सगळ्यांत आधी बिघडते. ठाकूर आणि कातकरी बायांच्या गळ्यातल्या मण्यांच्या माळा, मंगळसूत्र, काळ्या दोऱ्यातला ताईत यांच्या सावल्या तिथेच पडतात. खांद्यावरून पुढे आलेली जाड वेणी फिल्मवर अशी उमटते, की नवशिका तिला क्षयाचा डाग समजेल. पेशंट किंचित तिरपा उभा राहिला, तर दोन्ही गळपट्ट्या सारख्या अंतरावर दिसत नाहीत आणि एक फुफ्फुस उगाच काळं, दुसरं उगाच पांढरं दिसतं. श्वास पूर्ण घेतला नाही, तर हृदय मोठं आणि फुफ्फुसाचा तळ धुरकट दिसतो. म्हणून 'श्वास घ्या, धरून ठेवा' हे तीन-चार शब्द कोणत्या आवाजात आणि कोणत्या बोलीत सांगितले, यावर निदान अवलंबून असतं. माळ काढायला सांगायची तर आडोसा हवा, धुतलेला गाऊन हवा, आणि 'मावशी, माळ जरा पिशवीत ठेवता का' एवढं विचारायची सवड हवी. खोलीला पडदा नसेल तर बाई माळ काढत नाही, आणि चूक तिची नसते. यंत्र खरेदीच्या फाइलीत पडद्याचं कलम मी तरी ठळक अक्षरांत पाहिलेलं नाही.

यावर आजकाल मिळणारं उत्तर ठरलेलं आहे: वाचायला माणूस कशाला, संगणक वाचेल. मी त्याला विरोध करणार नाही. २०२१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा वर्षांवरच्या व्यक्तींमध्ये क्षयाच्या चाळणीसाठी संगणकाने फोटो वाचायला मान्यता दिली, आणि या प्रकारचं सॉफ्टवेअर करणारी एक नावाजलेली कंपनी, क्युअर डॉट एआय, मुंबईतलीच आहे. चाळणी म्हणून हे साधन उत्तम. शंभर फोटोंतले वीस बाजूला काढून दिले तर थुंकी तपासणाऱ्याचं आणि वाचणाऱ्याचं काम हलकं होतं. पण चाळणी म्हणजे निदान नव्हे. दहा वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रण आणि आज पेटलेला क्षय, दोन्ही फोटोत एकमेकांसारखे दिसू शकतात. दगडखाणीत आणि खडीच्या क्रशरवर वर्षानुवर्षं धूळ खाल्लेल्या माणसाच्या छातीत सिलिकोसिसच्या बारीक गाठी असतात. त्याही वरच्या भागातच दाटतात, आणि असा माणूस क्षयाच्या गोळ्यांचे कोर्स एकामागून एक गिळत राहतो. त्यात सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याचा धोकाही वाढलेला असतो, म्हणजे दोन्ही एकत्र असू शकतात. हा गुंता फोटोतून सुटत नाही. 'काम काय करता, किती वर्षं केलंत, आधी गोळ्या घेतल्या होत्या का' या तीन प्रश्नांनी तो निम्मा सुटतो, उरलेला थुंकीच्या जनुकीय तपासणीने आणि जुन्या फोटोशी ताडून पाहिल्याने. दूरवर बसून रिपोर्ट देणाऱ्या रेडिओलॉजिस्टचीही हीच अडचण असते. फोटो इंटरनेटवरून क्षणात पोचतो. त्याच्याबरोबर येणाऱ्या मजकुरात मात्र 'खोकला' एवढा एकच शब्द असतो. मग रिपोर्टही तसाच सावध, दहा शक्यता मोजणारा येतो. प्रश्न चार ओळींत नीट विचारला तर उत्तर दोन ओळींत मिळतं, हा आमच्या धंद्यातला रोजचा अनुभव आहे.

सोनोग्राफीत तर दूरचा वाचक हा तोडगाही फारसा चालत नाही. १९५८मध्ये ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी पोटातल्या गाठी आणि गर्भ पाहण्यासाठी ध्वनिलहरी वापरल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हा मूळ कल्पना धातूंमधल्या भेगा शोधणाऱ्या कारखान्यातल्या यंत्राची होती. तेव्हापासून आजवर यंत्रं कितीही बदलली तरी एक गोष्ट तशीच आहे: ज्याच्या हातात प्रोब त्यालाच चित्र दिसतं. एक्स-रेमध्ये काढणारा वेगळा आणि वाचणारा वेगळा असू शकतो; सोनोग्राफीत दोघे एकच. नुसते गोठवलेले फोटो पाठवले तर समोरच्याला तेवढंच कळतं, जेवढं काढणाऱ्याला आधीच कळलेलं होतं. म्हणून सोनोग्राफीचा डॉक्टर तालुक्याला प्रत्यक्ष यावाच लागतो, निदान ठरलेल्या वारी तरी.

आणि तो केव्हा येतो, यावर इथल्या बायांचं पुष्कळ काही ठरतं. पाळीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवायची रीत पाड्यांवर फारशी नाही. 'गौरी-गणपतीच्या मागंपुढं', 'लावणी उरकली तेव्हा', अशी ती सांगितली जाते. पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी झाली तर दिवस ठरवण्यात पाच-सात दिवसांपेक्षा जास्त फरक पडत नाही. तीच शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदा केली तर तीन आठवड्यांपर्यंत चूक होऊ शकते. हा फरक कागदी नाही. पावणेदोन किलोचं बाळ जन्माला आलं तर ते दिवस भरायच्या आत आलं की पूर्ण दिवस भरूनही पोटात वाढलंच नाही, हे कळायला दिवस माहीत असावे लागतात; दोन्हींची कारणं वेगळी, धोके वेगळे आणि पुढच्या बाळंतपणात घ्यायची काळजीही वेगळी. कुपोषणाच्या चर्चेत बाळाचं वजन सगळे विचारतात. ते दिवस भरून आलं का, हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. पुढची सोनोग्राफी अठरा ते वीस आठवड्यांची, बाळात व्यंग आहे का हे पाहण्याची. आणि इथे वीटभट्टी आडवी येते. भाताची कापणी झाली, दिवाळी सरली, की कातकरी कुटुंबं उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भाद्रपदात दिवस राहिलेल्या बाईचा पाचवा महिना पौष-माघात येतो, म्हणजे ऐन भट्टीवर. गावची आशाताई तिला शोधते, ती यादीत असते, जागेवर नसते. गर्भपाताच्या कायद्यात २०२१मध्ये दुरुस्ती झाल्यावर गंभीर व्यंगासाठी २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाकडून परवानगी मिळू शकते, हे खरं. पण व्यंग दिसायला आधी कुणी पाहिलेलं हवं. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तपासणी होते. ती तारीख भट्टीच्या पगाराच्या वाराला आली, तर कोण येणार? वार (प्लासेंटा) खाली आहे, जुळं आहे, बाळ पायाळू आहे, या तीन गोष्टी आधी कळल्या तर बाळंतपण कुठे करायचं ते ठरतं. पावसात रस्ता नसलेल्या पाड्यावरून झोळीत निघालेल्या बाईला त्या वाटेत कळून काही उपयोग नसतो.

सोनोग्राफी तालुक्यात वाढवा म्हटलं की पहिला आक्षेप येतो तो गर्भलिंग निदानाचा, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. गर्भलिंग चाचणीविरुद्ध देशात पहिला कायदा केला तो महाराष्ट्राने, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४चा, लागू झाला १९९६मध्ये, कडक झाला २००३मध्ये. तरी सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या राज्यात २००१मध्ये ९१३ होती, ती २०११मध्ये ८९४वर आली. आमच्या व्यवसायातले पुष्कळ जण या कायद्याखाली भराव्या लागणाऱ्या एफ फॉर्ममधल्या एखाद्या रिकाम्या रकान्यासाठी यंत्राला सील लागतं म्हणून चिडतात. चीड समजू शकते, पण तो ८९४चा आकडा यंत्रं आपोआप गावली म्हणून आलेला नाही. ती चालवणाऱ्या हातांनी आणला. तेव्हा कायदा सैल करा, असं मी म्हणणार नाही. २०१२च्या नियमाने एका डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन केंद्रांवर सोनोग्राफी करता येते, आणि हातात घेऊन फिरता येणाऱ्या यंत्रांवर बंधनं आहेत. यामुळे डॉक्टर पाड्यापाड्यावर जाऊ शकत नाही हे खरं, पण दोन केंद्रं म्हणजे हिशेबाने शहापूर आणि मुरबाड हीच दोन होऊ शकतात. एक डॉक्टर, दोन सरकारी यंत्रं, ठरलेले वार, आणि त्या वारी पाड्यांवरून बाया आणणारी गाडी: एवढं कायद्याच्या चौकटीत आजही बसतं. आदिवासी समाजात मुलींचं प्रमाण इतरांपेक्षा बरं राहिलं आहे. शहरांनी केलेल्या पापाचा दंड त्यांनी सोनोग्राफीविना राहून का भरावा?

रेडिओलॉजी म्हणजे निदान, उपचार दुसरं कुणी करणार, ही समजूतही तालुक्यात बदलायला हवी. यकृतात आमांशाच्या जंतूने झालेला गळू हे याचं सोपं उदाहरण. ताप, उजव्या बरगडीखाली ठणका, कधी नुसता उजवा खांदा दुखतो. छातीच्या फोटोत उजवा पडदा वर सरकलेला दिसतो. सोनोग्राफीत यकृतात नारळाएवढी पोकळी. लहान गळू गोळ्यांनी विरतो. मोठा, किंवा डाव्या भागातला, फुटायच्या बेतात असेल, तर सोनोग्राफीत बघत बघत सुई घालून चॉकलेटी रंगाचा पू बाहेर काढायचा, लागलीच तर नळी ठेवायची. पोट न फाडता माणूस वाचतो. छातीतलं पाणी काढतानाही सुई कुठे टोचायची ते सोनोग्राफीने पाहून घेतलं की फुफ्फुसाला भोक पडण्याचा धोका कमी होतो. ही कामं मोठ्या शहरातल्या झगमगीत विभागांचीच नाहीत. शिकवलं तर तालुक्यातला डॉक्टर ती करतो.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: ग्रामीण माणसाला साधा एक्स-रे आणि शहरवाल्याला सीटी-एमआरआय, हा दुजाभाव का? आक्षेपात दम आहे. मुंबई-नाशिक महामार्ग शहापूरमधून जातो, माळशेजचा घाट मुरबाडच्या हद्दीला आहे, आणि समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला खुला झाला, तोही शहापूर तालुक्यातून. त्याच महामार्गाच्या कामावर १ ऑगस्ट २०२३च्या पहाटे सरळांबे इथे गर्डर बसवणारं यंत्र कोसळून २० कामगार गेले. अशा तालुक्यात डोक्याला मार लागलेल्याला सीटी जवळ हवाच. पण तो येईपर्यंत काय करायचं? डोक्याचा साधा फोटो काढायचा, आणि 'हाड मोडलं नाही' म्हणून सगळ्यांनी निश्वास टाकायचा, हे अजून सर्रास चालतं. हाड शाबूत असूनही आत रक्त साचू शकतं आणि साध्या फोटोत ते दिसत नाही. तो फोटो काढण्यात गेलेली वीस मिनिटं रुग्णवाहिकेची होती. याउलट, पोटात रक्त आहे का हे सोनोग्राफीत दोन मिनिटांत पाहता येतं आणि त्यावरून गाडी कुठे न्यायची ते ठरतं. कोणता फोटो काढायचा नाही हे ठाऊक असणं हाही रेडिओलॉजीचाच भाग, आणि खरं सांगायचं तर अवघड भाग.

कारण फोटोची हावही वाढते आहे. वाकून वाकून भात लावणाऱ्याची कंबर दुखते; कुणीतरी एमआरआय लिहून देतो; घरची बोकडं विकून तो कल्याणला होतो; रिपोर्टात 'डिस्क सरकली' असं येतं. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे फोटो पाहिले गेले: विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्याच्या चकत्या झिजलेल्या निघाल्या. ही झीज पिकल्या केसांसारखी असते. पाय लुळा पडला, लघवी अडली, ताप आहे, वजन घटतंय, अशी खूण नसेल तर त्या एमआरआयने कंबर बरी होत नाही, उलट माणूस स्वतःला आजारी समजू लागतो. पावसाळ्यातलं दुसरं उदाहरण याहून गंभीर. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात कळ येते म्हणून उठतो. अंगावर दंशाची खूण जवळजवळ नसते. मण्यारीच्या दंशाची ही ओळखीची रीत आहे. पापण्या जड होतायत का, गिळायला त्रास होतोय का, हे पाहायचं सोडून त्याला पोटाच्या सोनोग्राफीच्या रांगेत बसवलं, तर सोनोग्राफी नॉर्मल येईल आणि श्वास बंद पडेल. जुने डॉक्टर म्हणतात, आधी हात लावा, मग फोटो काढा. त्यांचं खरं आहे. माझं म्हणणं एवढंच, की फोटो हा हाताचा शत्रू नाही. हाताने विचारलेल्या प्रश्नाचं तो उत्तर असावा.

किरणांच्या भीतीबद्दल फार लिहीत नाही. छातीच्या एका फोटोतून मिळणारा किरणांचा डोस हा निसर्गातून आपल्याला काही दिवसांत मिळतोच तेवढा असतो. पोटाच्या सीटीत तो काही वर्षांएवढा. म्हणून फोटोला घाबरू नका आणि सीटी उगाच मागू नका. काळजी घ्यायची ती टेक्निशियनची, जो रोज तिथे उभा असतो. त्याच्या छातीवरचा डोस मोजणारा बिल्ला दर तीन महिन्यांनी तपासायला जातो का, शिशाचा एप्रन खुंटीला नीट टांगलेला असतो की घडी करून चिरा पडलेला, हे पाहायला कुठलंही शास्त्र लागत नाही.

राहता राहिला रिपोर्ट. तो इंग्रजीत असतो. पेशंटला कळत नाही, आशाताईला कळत नाही, आणि तो दुसऱ्या डॉक्टरपर्यंत पोचतो तेव्हा पिशवीत गुंडाळलेली फिल्म पावसाने चिकटलेली असते. इंग्रजी रिपोर्ट राहू द्या, पण त्याच्या तळाशी मराठीत दोन ओळी लिहायला कुणाचीही परवानगी लागत नाही: 'छातीत पाणी आहे, आजच भरती व्हा.' 'वार खाली आहे, बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच करा, महिनाभर आधी तिथे राहा.' त्या ओळी आशाताई वाचू शकते, भट्टीवरचा नवरा वाचू शकतो, जीपवाला वाचू शकतो.

ग्रामपंचायतींचे ठराव, आमदारांना दिलेली निवेदनं, उपोषणाच्या मागण्या, सगळीकडे 'सीटी स्कॅन मशीन मिळावे' हे कलम पहिलं असतं. ते ठेवा. पण पुढचं निवेदन लिहाल तेव्हा त्याच्या वर तीन कलमं घाला: वाचणाऱ्याचं पद भरा, सोनोग्राफीच्या डॉक्टरचा वार ठरवा, आणि रिपोर्ट त्याच दिवशी, मराठीच्या दोन ओळींसह द्या. आणि दवाखान्यात फोटो काढून झाला, की खिडकीशी एवढंच विचारा: 'हा आज कोण वाचणार?'